मोरीचं काळीज मागणारी बाई

नलूबाई पहिल्यांदा माझ्यापुढे येऊन उभी राहिली तेव्हा मी किनाऱ्यावर मोरी कापायला बसले होते. मोरी म्हणजे तुमच्याकडची मुशी, लहान शार्क. गिऱ्हाईक माशाकडे बघतं, ही माझ्या सुरीकडे बघत होती.

"काय होया?" मी विचारलं.

"काळीज."

"आणि मासो?"

"मासा नको. नुसतं काळीज. तेही उडायचं थांबलेलं नको."

काही लोक कलेजीलाच काळीज म्हणतात. तिला ती नको होती. मोरी कापली तरी तिचं काळीज बराच वेळ उडत राहतं, ते तिला पाहिजे होतं. ते आम्ही कावळ्यांना टाकायचो. मी म्हटलं, "घेवन जावा. पण खावन पोट बिघडला तर माझ्या नावान ओरडा नको."

ती हसली नाही. पिशवीतून तोंड रुंद असलेली काचेची बरणी काढली. आत पाणी होतं. मी काळीज त्यात टाकलं तशी ती बरणी पदराखाली धरून झपाझप चालती झाली. पायात दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला होत्या. बाजूची कुसूम म्हणाली, "ह्या बायेचा काय खरा नाय." मलाही तसंच वाटलं.

रेल्वे नुकतीच सुरू झाली होती तेव्हाची ही गोष्ट. नलूबाई नांदगाव स्टेशनावर उतरली आणि टेम्पोत चार पेटारे घालून आमच्या वाडीत आली. बर्फाच्या कारखान्यामागे दोन खोल्यांचं सिमेंटचं घर होतं ते तिनं भाड्याने घेतलं. आईचं माहेर मसुऱ्याचं, म्हणून मालवणी समजायची, बोलायला गेली की तोंडात खडा असल्यासारखी बोलायची. डॉक्टरकीच्या कॉलेजात पोरांना काळजाचं काम शिकवण्यात तिचा जन्म गेला होता. लग्न केलं नव्हतं. कॉलेजाने जुनी यंत्रं भंगारात काढली ती हिनं मागून घेतली आणि मोरी जिथे रोज ताजी मिळेल तिथे राहायला आली. एवढं मला तिनंच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणायचे. लिहिताना ती लिहिते. आम्ही दोघी एका वयाच्या, आणि तिला मानपानाचं काही नव्हतं.

वाडीतली माणसं दुखणी घेऊन तिच्याकडे जायची. ती दारातूनच परत पाठवायची. "मी माणसांची डॉक्टर नाही. शिकवायची कामं केली मी. तालुक्याच्या दवाखान्यात जा." माणसं म्हणायची, शिकलेली असून उपयोग काय. पण तिला एक खोड होती. कुणाशीही बोलता बोलता त्याचं मनगट धरायची. परवानगी नाही, काही नाही. बोटं नाडीवर ठेवायची आणि नजर दुसरीकडे, माडाच्या शेंड्यावर नाहीतर समुद्रावर. घड्याळात कधी बघितलं नाही. थोड्या वेळाने हात सोडायची आणि म्हणायची, "सुटतंय बरं." एखाद्याचा हात जास्त वेळ धरला की तो माणूस घाबरायचा.

मी एकदा विचारलं, "सुटता म्हणजे काय?"

"काळीज आवळतं, मग सुटतं. सगळे आवळण्याकडे बघतात. किती जोरात, किती वेळा. मी सुटण्याकडे बघते. सुटलं नाही तर त्यात रक्त भरायचं कसं?"

"ता नाडीत कळता?"

"सगळं नाही कळत. पण सवय लागलीय."

ती सगळे मासे खायची, मोरी मात्र खात नसे. एकदा मोरीचं सुकं घेऊन गेले तर ताट बाजूला सारलं. "जिच्याबरोबर रोज काम करते तिला खाऊ कशी?" म्हणाली. मी ते घरी आणून खाल्लं.

वर्षभरात वाडीत आवई उठली की बाई करणी करते. त्याला कारण होतं. दुपारच्या वेळी तिच्या खिडकीतून काळा धूर यायचा. घरात रॉकेलच्या दिव्यावर ती गुळगुळीत कागद धरून काजळीने काळा करायची, आणि तो कागद लाखेच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घालायची. त्यावर पांढऱ्या रेघा, एकीला लागून एक, करवतीच्या दातांसारख्या. त्यात मोरीची काळजं नेते हे सगळ्यांना माहीत. शेतात घालायचा युरियाही तिनं एका शेतकऱ्याकडून मागून घेतला होता. काळीज, काजळी आणि युरिया, माणसांनी जे जुळवायचं ते जुळवलं. कुणाचं पोर तापलं की कुसूम म्हणायची, "कागद वाळत घातल्यानी काय गो आज?"

शेवटी मी सरळ जाऊन विचारलं, "तुमी करणी करतास काय?"

"कुणावर?"

"माका काय म्हायत. लोक म्हणतत."

"ये आत," ती म्हणाली. "बघ आणि जाऊन सांग."

साडीवर पुरुषाचा जुना सदरा घालून ती काम करायची. मेजावर एक पितळी नळकांडं होतं. घड्याळासारखी चावी दिली की हळूहळू फिरायचं. त्याच्यावर काळा कागद गुंडाळलेला. बाजूला काचेच्या भांड्यात मिठाचं पाणी, त्यात युरिया. मोरीच्या रक्तात युरिया असतो, साध्या मिठाच्या पाण्यात तिचं काळीज टिकत नाही, असं तिनं सांगितलं. घरात शोभेचे मासे पाळतात तसला बुडबुड्यांचा पंप त्या पाण्यात सोडला होता. आणि मध्ये काळजाची एक बारीक पट्टी दोऱ्याने टांगलेली. खालचा दोरा घट्ट, वरचा एका हलक्या काडीला. बॅटरीची बारीक टिचकी बसली की पट्टी आवळायची, काडी हलायची, काजळीवर पांढरी रेघ उठायची. पट्टी सुटली की रेघ खाली.

मोरीचं काळीज मी जन्मभर बघत आले. पण त्याचा एवढासा तुकडा एकटाच, कुणाला काही पुरवायचं नसताना, काम करत राहिलेला कधी बघितला नव्हता. मी म्हटलं, "ह्याका सांगा गो कोणीतरी, मोरी मेली म्हणान."

तेव्हा ती हसली. मग मला समजावून सांगू लागली. काळजाच्या आतून आणि अंगातल्या सगळ्या रक्तवाहिन्यांच्या आतून एक पातळ थर असतो. इतका पातळ की कांद्याचा पापुद्राही त्याच्यापुढे जाड. जुने लोक समजायचे, तो नुसता गुळगुळीतपणासाठी आहे, रक्त वाहायला बरं. पण तो थर गप्प बसत नाही. तो खालच्या मांसाला निरोप देत असतो. आता आवळून धर, आता सोड. स्वतः काही ओढत नाही, त्याच्यात ताकद नाही. पण तो कापसाने हळूच पुसून टाकला तर तेच मांस वेगळं वागतं.

"आणि त्यात जोराचं औषध पडलं तर?" ती स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाली. "काळजाला दामटणारी औषधं असतात. थर असताना ती एक करतात, थर नसताना दुसरंच. हा थर तेव्हा मांसाला धर म्हणतो की सोड म्हणतो, एवढंच मला बघायचं आहे."

"मगे काय म्हणता?"

"दोन्ही म्हणतो. कधी काय म्हणतो ते मला अजून कळत नाही."

मी वाडीत जाऊन सांगितलं, करणी नाही, काळजाची शाळा आहे. तेव्हापासून तिला सगळे काळजाची बाय म्हणू लागले. काळे कागद कुणी मनावर घेईनासं झालं.

आता यशवंताविषयी लिहायला पाहिजे. यशवंत म्हणजे माझा नवरा. त्याचं नाव घ्यायची माझी पद्धत नव्हती, पण सारखं 'हे' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळायचं नाही.

यशवंत रापणीवरचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धं वर्तुळ मारते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि वाडीतली माणसं दोन रांगा करून ते ओढतात. कमरेला पट्टा, पट्टा दोराला, आणि समुद्राकडे पाठ करून वर चालत जायचं. जे मासे येतील त्यांचे वाटे पडतात. आमच्या वाडीचा नियम एकच, दोराला हात लावील त्याला वाटा. आजारी असो, म्हातारा असो, दोर धरला नाही तर वाटा नाही. आणि वाटा नुसता माशांचा नसतो. ज्याचा वाटा आहे तो रापणकर. सणाला, देवळात, कुणाच्या लग्नात त्याला जागा आहे. वाटा गेलेला माणूस किनाऱ्यावर येतो तो तमाशा बघायला आल्यासारखा.

यशवंताला दमा होता. जन्मभर तंबाखू आणि विड्या, त्याचीही भर. दम्याच्या पांढऱ्या गोळ्या तो बाजारातून आणून स्वतःच्या मनाने घ्यायचा. गोळी घेतली की छाती मोकळी व्हायची आणि काळीज धडधडायला लागायचं. पुढे पुढे त्याला ते धडधडणंच आवडू लागलं. रापणीला जाण्याआधी दोन गोळ्या एकदम खायचा आणि छातीवर हात ठेवून म्हणायचा, "इली ताकद."

नलूबाई काळीज न्यायला किनाऱ्यावर आली असताना तिनं त्याचं मनगट धरलं. नजर समुद्रावर. खूप वेळ धरून ठेवलं.

"काय बाये, सोडतस काय हात?" यशवंत म्हणाला. "माजी बायल बघता."

"काय खाल्लंत?"

"पेज."

"त्याच्यानंतर?"

त्याने खिशातली गोळ्यांची पट्टी दाखवली. ती वाचून तिचं तोंड उतरलं. "ह्या छातीसाठी आहेत. काळजाला ह्या चाबकासारख्या लागतात. दवाखान्यात चला. दम्याला दुसरी औषधं आहेत, आणि काळीजही तपासू दे."

"माजा काळीज तुमच्या बरणीतला न्हय," यशवंत म्हणाला, आणि पट्टा कमरेला बांधून दोरावर गेला.

मी घरी भांडले. भांडून काही झालं नाही. तो म्हणाला, दोर सोडला तर वाटा जाईल, वाटा गेला तर मी कोण? नलूबाईने मात्र नाद सोडला नाही. एक दिवस मला म्हणाली, "त्याला आण. सांगून ऐकत नाही ना? दाखवते."

यशवंत आला तो मजा बघायला. तिनं मेजावर दोन भांडी मांडली होती, दोन पट्ट्या, दोन काड्या. एका पट्टीचा थर शाबूत, दुसरीचा तिनं कापसाने पुसलेला. त्याच्याच खिशातली गोळी घेऊन तिनं खलात कुटली, पाण्यात विरघळवली, गाळली, आणि पिचकारी त्याच्या हातात दिली. "तुम्हीच घाला. मी हात लावत नाही."

यशवंताने दोन्हीकडे थेंब टाकले. थोडा वेळ काही नाही. मग दोन्ही काड्या उसळल्या. रेघा उंच उंच जाऊ लागल्या. यशवंत खूश. "बग, बग! कसा वडता बग! मी सांगत नाय होतंय?"

"थांबा," ती म्हणाली.

थांबलो. थर असलेली पट्टी उंच रेघा मारत होती, पण प्रत्येक रेघ खाली आपल्या जागेवर येत होती. पुसलेल्या पट्टीचं बिघडलं. रेघ वर जायची, खाली पुरती यायची नाही. पुढची त्याच्याही वरून सुरू व्हायची. मग मध्येच एक तोकडी, मग दोन जवळजवळ चिकटलेल्या, मग नुसती थरथर. शेवटी काडी वरच्या वर अडकल्यासारखी राहिली.

"ही अजून ओढतेय," नलूबाई म्हणाली. "पण सोडत नाही. रापणीत कुणी लाट मागे जातानाही दोर सोडला नाही तर काय होतं?"

"दोर तुटता," यशवंत हळूच म्हणाला.

"तंबाखूने, विड्यांनी, वयाने तुमचा आतला थर खरवडला गेलाय, असं मला वाटतं. वाटतं म्हणते. मोरीचं काळीज म्हणजे माणसाचं नव्हे, आणि दर वेळी हे असंच होतं असंही नाही. म्हणून तर मी पुन्हा पुन्हा करते. पण तुम्ही दवाखान्यात जा."

घरी येताना वाटेत यशवंताने विडी पेटवली आणि अर्धी टाकून दिली. मला वाटलं, झालं काम.

नंतरच्या दिवसांत तो शहाण्यासारखा वागायला लागला. विड्या कमी केल्या. दवाखान्यात काही गेला नाही, पण चेहरा असा की सगळं ठीक चाललंय. घरात एक वास यायचा, मला वाटायचं होडीचा. कारण तेव्हा रापणीची होडी किनाऱ्यावर चढवून तिला मोरीचं तेल लावत होते. मोरीची कलेजी कढवून तेल काढतात आणि होडीच्या लाकडाला चोपडतात, म्हणजे खारं पाणी लाकूड खात नाही, खरवडलेलं बूड पुन्हा धरतं. ते काम यशवंताचंच असायचं. मी त्या वासाकडे लक्ष दिलं नाही.

मग बांगडा लागला. जाळं इतकं भरलं की वाडीतल्या बायकाही दोराला लागल्या. मी मागे टोपली घेऊन उभी होते. नलूबाई नेहमीसारखी बरणी घेऊन वाळूत बसली होती. यशवंत पाण्याच्या कडेला रांगेत पहिला. ओढता ओढता तो गुडघ्यावर आला. मला वाटलं, पाय घसरला. लाट मागे गेली तशी दोर पाण्याकडे खेचला गेला आणि पट्ट्याला बांधलेला यशवंत दोराबरोबर तोंडावर पालथा ओढला गेला. मी ओरडले. माझ्या आधी नलूबाई पोचली. बरणी कधी खाली न ठेवणारी बाई, त्या दिवशी बरणी टाकून धावली. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिनं त्याचा पट्टा सोडवला. पुढे माणसांनी धरलं.

तालुक्याच्या दवाखान्यात तो वाचला. काळीज फुगलंय, ठोके वाकडे पडतायत, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. त्या गोळ्या बंद, विडी बंद, दोर बंद. दम्याला फवारा दिला, काळजाला दुसऱ्या गोळ्या.

नलूबाई खाटेजवळ बसली होती. तिनं वाकून यशवंताच्या तोंडाचा वास घेतला. "हे काय पिता तुम्ही?"

यशवंत शरमला. मग त्याने सांगून टाकलं. तो रोज वाटीभर मोरीचं तेल पीत होता. होडीचं बूड खरवडलं की तेल लावतात. आतला थर खरवडला म्हणून नलूबाई बोलली होती. म्हणून त्याने आतून तेल द्यायला सुरुवात केली. आणि थर धरत आला असेल या हिशोबाने त्या दिवशी दोनाच्या जागी तीन गोळ्या खाल्ल्या.

मला हसू आलं आणि त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटलं. "शिरा पडली तुझ्या अकलेर," मी म्हटलं. "तू काय होडी आसस?"

नलूबाई हसली नाही. त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग मला म्हणाली, "त्यानं बरोबर ऐकलं गो शेवंता. थर गेला हे मी दाखवलं, पुढे काय करायचं ते सांगितलंच नाही. मग त्याला जे माहीत होतं ते त्यानं केलं." मग त्याला म्हणाली, "वरून चोपडून तो थर येत नाही. विडी सोडलीत, औषध नीट घेतलंत, रोज थोडं चाललात तर तो आपला आपण थोडा सावरतो. थोडाच. नवा होत नाही."

"आणि वाटो?" यशवंत म्हणाला. एवढंच.

घरी आणल्यावर तो अंगणात बसून राहायला लागला, समुद्राकडे पाठ करून. रापणीची हाक आली की कान झाकून घ्यायचा. जेवण कमी केलं. औषध दिलं तर घ्यायचा, नाही दिलं तर आठवण करायचा नाही. मला कळत होतं, हा काळजाने नाही मरणार, असा बसून मरेल. नलूबाई दोन-तीनदा येऊन त्याचं मनगट धरून गेली. मग एकदा मला म्हणाली, "रापणकर बसतात कुठे?"

जाळी ठेवायच्या मांगरात बसतात. बायका तिथे जात नाहीत असं नाही, पण बोलायला जात नाहीत. नलूबाई गेली, मी तिच्या मागे. मोठा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, बाबल. तो जाळं विणत होता, त्याने मान वर केली नाही.

"बाये, मोरी आज गावली नाय," तो म्हणाला.

"मोरीसाठी नाही आले. यशवंताच्या वाट्यासाठी आले."

"दोर धरूदे, वाटो घेवदे. नियम आमचो न्हय, वाडवडलांचो."

"तुमच्या रापणीत दोर कधी सोडायचा ते कोण सांगतं?"

बाबलाने आता मान वर केली. "सांगूक कित्याक होया? ज्येका त्येका कळता."

"त्या दिवशी कळलं का? दोन रांगा, दोन्हींची तोंडं जमिनीकडे, समुद्राकडे सगळ्यांची पाठ. एक दोर पुढे गेला, एक मागे राहिला. जाळं तिरकं आलं. अर्धा बांगडा बाहेर गेला तो मी बघितला. लाट मागे जाताना दोर सैल करा म्हणून कोण ओरडलं? कुणी नाही. तुम्ही सगळे ओढणारे."

मांगरात दोघे-तिघे हसले. एकजण म्हणाला, "ही आता आमका रापण शिकवतली!"

"मला रापण येत नाही," नलूबाई म्हणाली. "मला एक काळीज येतं. त्याच्यात एक पातळ थर असतो. ओढायच्या कामाचा नाही. पण धर कधी आणि सोड कधी ते तो सांगतो. तो काढून टाकला की ओढणारं मांस स्वतःलाच मारतं. यशवंत चाळीस वर्षं पाण्याच्या कडेला पहिला उभा राहिलाय. त्याला लाट कळते. त्याला वर वाळूच्या उंचवट्यावर बसवा. तो नुसती हाक देईल."

"आणि हाक दिल्याचो वाटो?"

"हो."

"बसान?"

"बसून."

बाबलाने हातातली जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय गो शेवंता, तुझ्या घोवाचा तोंड तसा पयल्यापासून मोठा आसा."

"मोठा आसा तर वापरा," मी म्हटलं. "घरात माका नको."

त्यावर सगळे हसले. बाबलाने कबूल केलं असं नाही. "एक हंगाम बगूया," एवढंच म्हणाला. "जाळा तिरका इला तर वाटो बंद, आणि बायेन मांगरात पाऊल टाकूचा नाय."

पहिल्या दिवशी यशवंत गेला तो मान खाली घालून. उंचवट्यावर जुना लाकडी ठोकळा होता त्यावर बसला. रांगा लागल्या. सुरुवातीला त्याचा आवाज निघेना. फवारा ओढला, परत बसला. मग लाट मागे जायच्या वेळी ओरडला, "सोऽऽड! वरची रांग सोड!" रांगेतल्यांनी सवयीने ओढलंच. तो उठून उभा राहिला आणि असली शिवी दिली की नलूबाईने कान झाकला. पुढच्या लाटेला दोर सैल झाला. "आता धर! खालची धर, वरची सांबाळ!" जाळं सरळ आलं. फार काही मासा नव्हता, बारके पेडवे होते. त्यातला त्याचा वाटा बाबलाने स्वतःच्या हाताने टोपलीत टाकला. नलूबाईने त्या दिवशी मोरी आली नाही म्हणून कुरकुर केली आणि घरी गेली.

त्यानंतर यशवंत पुष्कळ हंगाम हाक देत राहिला. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. हिवाळ्यात पाय सुजायचे, जिना चढवत नसे, विडी तो चोरून ओढायचा आणि मी पकडून शिव्या द्यायचे. जाळं कधी तिरकंही यायचं आणि मग सगळा दोष त्याच्यावर. पण तो रापणकर होता.

नलूबाईचा प्रश्न मात्र सुटला नाही. तिला मी अधूनमधून विचारायचे, "काय म्हणता तुमचो थर?" ती म्हणायची, "कालचं आज खोटं पाडतो." एकदा मोठ्या शहरातल्या कुणा विद्वानांना तिनं कागद पाठवले होते. त्यांचं म्हणणं आलं की असल्या काजळीच्या यंत्रावर आता कोण विश्वास ठेवणार. दोन दिवस तिनं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी बरणी घेऊन किनाऱ्यावर हजर.

मग तिचे डोळे गेले. पुरते नाहीत, पण काजळीवरच्या बारीक रेघा दिसेनात. शस्त्रक्रिया केली, तरी एका डोळ्यात धुकं राहिलं. पट्टीला दोरा बांधायला घेतला की गाठ भलतीकडेच पडायची. एकदा मला सुईत दोरा ओवल्यासारखा तो बांधायला लावला, माझे हात माशाचे, पट्टी फाटली. ती रागावली नाही. पितळी नळकांड्याची चावी तिनं काढली आणि खिडकीत ठेवली. पुन्हा लावली नाही. त्या पावसाळ्यात मिरजेची भाची येऊन सांगून गेली, आता एकटीने राहायचं नाही.

निघायचा दिवस नारळी पौर्णिमेनंतरचा. रापण नुकतीच सुरू झाली होती. जीप फोंडाघाटातून वर जाणार, म्हणून भाचीला लवकर निघायचं होतं. नलूबाईने जीप किनाऱ्याच्या रस्त्यावर थांबवली. उतरली. पायात चपला पुन्हा दोन जोडांच्या. मला बरणी दिली. "तुझी तुला," म्हणाली. बरणी माझी कधीच नव्हती. त्यात मी आता कोकमाची सोलं ठेवते.

मग ती वाळूतून हळूहळू यशवंताच्या उंचवट्यावर चढली, मी तिच्या मागोमाग. दोर ओढायचं काम चालू होतं, म्हणून यशवंताने तिच्याकडे बघितलं नाही. तिनं त्याचं मनगट धरलं. त्याची नजर समुद्रावर, तिची पण. तो ओरडत होता, "धर, धर, धर..." आणि ती त्याची नाडी बघत होती. लाट मागे जाऊ लागली. त्याने ओरडायला तोंड उघडलं.

"सोड," त्याच्या आधी तीच म्हणाली. हळू, आम्हा दोघांपुरतं.

"सोऽऽड!" यशवंत ओरडला. दोन्ही रांगांनी दोर सैल केला.

"कसा आसा?" त्याने विचारलं. दोराचं की काळजाचं, ते मला कळलं नाही.

"पुरतं सुटत नाही," नलूबाई म्हणाली. "पण सुटतंय." आणि त्याचा हात त्याच्या मांडीवर ठेवला.

ती जीपमध्ये बसली. भाचीने हात हलवला, मी हलवला. जीप बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर गेली तेव्हा मला ती मागच्या काचेतून दिसली. ती मागे बघत नव्हती. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून बाहेर माडांच्या शेंड्यांकडे बघत होती.